हिल्डा गेली ते साल

"खालून तिसरी ओळ बघा," कार्लराव म्हणाले. "ती हिल्डा. तिच्या नावापुढं काय दिसतंय?"

"काट मारलीय."

"ते मला वीस वर्षांपासून माहीत आहे. काट सोडून?"

मी ती झेरॉक्स उचलून खिडकीपाशी नेली. कार्लराव टेबलाशी मान तिरपी करून बसले होते. समोरचं त्यांना दिसतच नसे. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं. माणूस समोर उभा राहिला तर चेहरा नाही, नुसते कान दिसतात, असं ते हसत सांगायचे.

हे माझे व्याही. माझ्या हेमंतची बायको क्रिस्टीन, तिचे वडील. २००६ सालचा जानेवारी, अमेरिकेतलं मिनेसोटा. आमची ही गेल्यावर हेमंत मला चार-पाच महिन्यांसाठी तिकडं घेऊन गेला होता. नवराबायको सकाळी आठलाच कामावर जायचे आणि घरात आम्ही दोन म्हातारे. बाहेर गुडघाभर बर्फ. जाणार कुठं? पहिले आठ दिवस मी टीव्ही बघितला. नवव्या दिवशी कार्लरावांनी आपली खोकी उघडली आणि माझी सुटका झाली.

कारण आत कागद होते. जुने, शंभर-सव्वाशे वर्षांचे, रकाने आखलेले! अहो, मी अकोले तालुक्यात चौतीस वर्षं तलाठी होतो. रकाना दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडं जातो.

कार्लरावांचे आजी-आजोबा स्वीडनमधून आलेले. तिकडच्या चर्चमध्ये म्हणे प्रत्येक घराचं एक पान असायचं. पाद्री दरवर्षी घरोघर हिंडायचा, कुणाला वाचता येतं, कुणाला धर्माचे धडे पाठ आहेत ते तपासायचा आणि त्या पानावर खुणा करायचा. घरात कोण जन्मलं, कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, सगळं तिथंच. गेला की नावावर काट. मी म्हटलं, "म्हणजे माणसांचा सातबाराच की हो!" मग सातबारा म्हणजे काय ते समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. माझं इंग्रजी माझ्या वरच्या सर्कलसाहेबांपुढं निभावण्याइतकंच. क्रियापदं मी टाकूनच द्यायचो, कार्लरावांचं त्यांच्यावाचून काही अडायचं नाही.

आमची कामाची रीतही ठरून गेली. त्यांना स्वीडिश यायचं पण दिसायचं नाही. मला दिसायचं पण यायचं नाही. मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचं, ते डोळे मिटून शब्द जुळवायचे. आकडे मात्र दोघांचे एकच, तिथं अडचण नव्हती. त्यांचा वंशवृक्ष मी स्वच्छ अक्षरात नव्यानं लिहून काढला. ते तोंडानं साल सांगायचे आणि मी मांडायचा.

आता हिल्डाचं सांगतो. १८८२ साली कार्लरावांचे आजोबा नील्स आणि आजी स्टीना अमेरिकेला निघाले. बरोबर सहा वर्षांचा योहान, म्हणजे कार्लरावांचे वडील. धाकटी हिल्डा चार वर्षांची. ऐन निघायच्या वेळी तिला ताप भरला. आजारी पोर बोटीवर घेत नव्हते. म्हणून तिला स्टीनाच्या आईपाशी ठेवलं, की पुढच्या वर्षी तिकीट पाठवू. ते तिकीट पाठवायच्या आतच ती गेल्याचं पत्र आलं. मग पंच्याऐंशीत अमेरिकेत मुलगी झाली, तिचं नाव परत हिल्डा ठेवलं.

"मेलेल्या पोरीचं?" मी दचकलोच. "आमच्यात असं कुणी करणार नाही हो."

"आमच्यात तसंच करायचे. गेलेल्याचं नाव पुढच्या मुलाला. त्याचं नाव बुडू नये म्हणून."

ही दुसरी हिल्डा म्हणजे कार्लरावांची आत्या. कार्लरावांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, तेव्हा या आत्यानं लग्न न करता त्यांना वाढवलं. तिचा विषय निघाला की ऐंशी वर्षांचा हा उंचापुरा माणूस अगदी लहान पोरासारखा बोलायला लागायचा. ती जाताना त्यांना म्हणाली होती, "मी जन्मभर दुसऱ्या मुलीचं नाव वापरलं. निदान एकदा तिचं तिच्यासाठी लिहा."

गावातल्या दफनभूमीत त्यांच्या घराण्याचा एक मोठा दगड होता. नील्स, स्टीना, योहान, आत्या हिल्डा, कार्लरावांची बायको, सगळ्यांची नावं आणि सालं कोरलेली. खाली एक जागा रिकामी सोडलेली, पहिल्या हिल्डासाठी. जन्मसाल माहीत होतं, १८७८. मृत्यूचं सापडत नव्हतं. आणि अर्धी तारीख दगडावर घालायला कार्लराव तयार नव्हते. हृदयाचं दुखणं बळावत चाललेलं. डॉक्टरनं क्रिस्टीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढचा हिवाळा धरू नका. बर्फ वितळलं की एप्रिलात गवंडी येणार होता. त्याच्या आत ते साल हवं होतं. बाकी त्यांचं कशातही मन नव्हतं.

म्हणून तर ती झेरॉक्स, स्टीनाच्या आईच्या घराच्या पानाची.

मी बघितलं, स्टीनाच्या आईच्या नावापुढं क्रॉस होता, १८८३. म्हणजे सांभाळणारी म्हातारी वर्षभरातच वारली होती. हिल्डाच्या नावावर नुसती काट. क्रॉस नाही, साल नाही. पण पानाच्या अगदी कडेला, झेरॉक्समध्ये अर्धवट कापला गेलेला एक आकडा होता. तीन आणि एक. त्यापुढंही काहीतरी असावं.

"कार्लराव, हा पान नंबर आहे."

"डाग असेल."

"डाग कसला! आमच्याकडं नाव एका ठिकाणचं कमी झालं की पुढं फेरफाराचा नंबर टाकतात. नाव असं हवेत जात नाही. ते दुसऱ्या पानावर गेलं, असा त्याचा अर्थ."

"ती मेली होती अण्णा." सगळे म्हणतात म्हणून तेही मला अण्णाच म्हणायचे.

"मग मेलेल्या माणसाला पुढचं पान कशाला देतील?"

त्यांनी टेबलावर बोट आपटलं. मग म्हणाले, "मृत्यूचं पुस्तक मी अठराशे ब्याऐंशीपासून पंच्याऐंशीपर्यंत चार वेळा बघितलंय. डोळे चांगले होते तेव्हा. त्यात नाही."

"आणि पंच्याऐंशीच्या पुढं?"

"पुढं कशाला बघायचं? आत्या जन्मली तेव्हा ती गेलेलीच असणार. जिवंत मुलाचं नाव दुसऱ्याला देत नाहीत. कुणीच देत नाही. आणि तीनशेच्या पुढची पानं मला माहीत आहेत. घरांची पानं दोनशे नव्वदला संपतात. त्यानंतर गावचे अनाथ, भिकारी, ज्यांना घर नाही असे. आमची माणसं गरीब होती, पण भिकारी नव्हती."

"बघायला काय जातंय?"

"पुरे!" असं म्हणून त्यांनी झेरॉक्स माझ्या हातातून ओढून घेतली आणि खोक्यात टाकली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला मेलं चैन पडेना. चौतीस वर्षांत माझ्या सजातला, म्हणजे माझ्याकडच्या गावांतला, एक नंबर कधी अधांतरी राहिला नव्हता. मी हेमंतच्या मागं लागलो.

"अण्णा, कशाला उकरताय?" तो वैतागला. "त्यांच्या घरचं आहे ते. त्यांना नकोय तर राहू द्या ना."

"अरे, त्यांना साल हवंय. एप्रिलात गवंडी येणार. मी काय माझ्यासाठी करतोय?"

खरं सांगू? थोडं माझ्यासाठीच करत होतो. वीस वर्षं या गोऱ्या माणसाला जमलं नाही ते अकोल्याचा तलाठी करून दाखवील, ही खुमखुमी होती.

हेमंतनं शेवटी त्या पुस्तकाची फिल्म मागवली. ती दुसऱ्या शहरातून यायची, तीन आठवडे लागले. आल्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं कार्लराव भडकतील. ते उठले, कोट चढवला, टोपी घातली आणि दारात उभे राहिले.

"चला, बघू तुमचं तीनशे कितीवं पान."

हेमंतनं आम्हाला लायब्ररीत सोडलं आणि एक वाजता येतो म्हणून गेला. तिथल्या बाईंनी फिल्म यंत्रात घालून दिली. हातानं दांडा फिरवायचा, पडद्यावर पानं सरकतात. आधी मी स्टीनाच्या आईचं पान काढलं. कडेचा आकडा पूर्ण दिसला. तीनशे बारा.

"तीनशे बारा," मी म्हटलं.

मी दांडा फिरवत गेलो. तीनशे बाराव्या पानावर घराचं नाव नव्हतं. वर एक शब्द होता, तो मी अक्षर अक्षर वाचला. कार्लरावांचे ओठ घट्ट मिटले. "गावावर पोसलेले," ते म्हणाले. "वाचा पुढं."

नऊ नावं होती. पाचवं नाव हिल्डा. नील्सची मुलगी. जन्म १४ मार्च १८७८.

"सापडली!" मी ओरडलोच. लायब्ररीतल्या दोन माणसांनी वळून बघितलं. मी कार्लरावांच्या पाठीवर थाप मारली. "सापडली हो तुमची हिल्डा! सांगत नव्हतो मी?"

कार्लरावांनी माझा हात धरला. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात इतकं कौतुक माझं कुणी केलं नसेल. मला एवढा आनंद झाला होता, की त्या पानाच्या वर काय लिहिलंय ते मी विसरूनच गेलो होतो.

"पुढं?" ते म्हणाले.

पुढं तीन नावं होती, एकाखाली एक, पहिल्या दोनांवर काट. मी तिन्ही वाचली. अक्षरं सुटी सुटी, मला काहीच बोध नाही.

"शेतांची नावं," कार्लराव सावकाश म्हणाले. "पोरक्या पोरांना गावापुढं उभं करायचे. जो सगळ्यात कमी पैशात सांभाळायला तयार होईल त्याच्या घरी द्यायचे. परवडेनासं झालं की पुन्हा दुसऱ्याकडं. कामाला घ्यायचे. गुरांमागं वगैरे."

चार-पाच वर्षांची पोर.

"शेरा आहे?"

"आहे." बारीक अक्षरात एक ओळ होती. मी वाचत गेलो. एक शब्द त्यांनी मला तीनदा वाचायला लावला.

"आईबाप अमेरिकेत. दोनदा लिहिलं. उत्तर नाही." एवढं बोलून लगेच ते माझ्याकडं वळले. "त्या काळी पत्रं पोचायची नाहीत अण्णा. नवी वस्ती, पत्ते नाहीत. आजोबांनी दोन गावं बदलली होती."

"हो ना. पोचली नसणार."

"मग ती गेल्याचं तिसरं पत्र पोचलं. तेवढं पोचलं. म्हणून तर आत्याला नाव दिलं. त्यांना मधलं काही कळलंच नसेल."

"अगदी बरोबर."

"क्रॉस आहे?"

"आहे."

"साल?"

क्रॉसपुढं साल स्पष्ट होतं. पाद्र्याचं अक्षर मोत्यासारखं. १८८९.

वंशवृक्ष माझ्याच हातचा. आत्या हिल्डा, जन्म १८८५. हे मला पुन्हा बघायची गरज नव्हती. म्हणजे ही पोर कुणाच्या तरी गोठ्यात शेण काढत होती, तेव्हा तिकडं अमेरिकेत तिच्या आईबापांनी तिचं नाव दुसरीला देऊन टाकलं होतं. पत्रं पोचली होती. नाही तर ती गेल्याचं पत्र आलं म्हणून सांगायला त्यांच्या हातात दुसरं कुठलं पत्र होतं? पोचली होती आणि त्यांनी ती ठेवून दिली होती.

माझ्या तोंडाशी चौऱ्याऐंशी आलं होतं. देवाशपथ सांगतो. तीन घरं दीड वर्षात सहज बसली असती. कार्लरावांना पडदा दिसत नव्हता. त्या बाई लांब आपल्या टेबलाशी होत्या. एप्रिलात गवंडी आला असता, चार आकडे कोरले असते आणि हा माणूस सुखानं मेला असता. मी पडद्याकडं बघत राहिलो.

"अण्णा? साल दिसतंय का?"

"दिसतंय," मी म्हटलं. "अठराशे एकोणनव्वद."

असं का बोललो, याचं उत्तर मी आजवर शोधतोय. खरेपणा वगैरे काही नाही. समोर लिहिलेलं असताना दुसरं वाचायची जिभेला सवयच नव्हती.

"परत बघा."

"एक, आठ, आठ, नऊ."

कार्लरावांनी गुडघ्यावर बोटं मोजली. "अकरा वर्षांची होती."

"हो."

"आत्या तेव्हा चार वर्षांची." त्यांनी पुन्हा बोटं मोजली. "पंच्याऐंशीत माझे वडील नऊ वर्षांचे. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी बसवून सांगितलं असेल, तुझी बहीण मेली. चर्चमध्ये नाव ठेवताना सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं असेल."

"कार्लराव, आपल्याला काय माहीत त्यांच्यावर काय वेळ आली असेल. नवा मुलुख, खायची मारामार..."

"माझ्या वडिलांनी त्याच वर्षी शाळेसाठी नवे बूट घातले होते. त्याचा फोटो आहे घरी." मग म्हणाले, "बंद करा ते."

गाडीत हेमंतनं हौसेनं विचारलं, "काय मग, सापडलं?" कार्लरावांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

रात्रीची जेवणं झाल्यावर हेमंत माझ्या खोलीत आला. क्रिस्टीनला कार्लरावांनी सगळं सांगितलं होतं. "अण्णा, एक आकडा बदलून सांगितला असतात तर काय बिघडलं असतं?"

"म्हणजे खोटं सांगायला हवं होतं मी?"

"हो!" तो म्हणाला. "हो, सांगायला हवं होतं. ऐंशी वर्षांचा माणूस आहे तो."

मी त्याच्यावर खूप ओरडलो. बापाला शिकवतोस काय, तूच फिल्म मागवलीस, असलं काय काय बोललो. तो निघून गेला आणि मी पलंगावर बसून रडलो. ही असती तर तिनं मला लायब्ररीत जाऊच दिलं नसतं.

क्रिस्टीन मात्र मला एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी चहाचा कप पुढं ठेवायची आणि शिकलेल्या मराठीत म्हणायची, "अण्णा, घ्या." मला तिच्याकडं बघवत नसे.

कार्लरावांनी खोकी पुन्हा उघडली नाहीत. एप्रिलात गवंड्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं. आत्याचं नाव त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. पूर्वी दिवसातून दहादा यायचं. एकदाच क्रिस्टीनला म्हणाले, की मला त्या दगडाखाली ठेवू नका, दुसरीकडं कुठंही ठेवा. तिची आई त्याच दगडाखाली होती. क्रिस्टीन नुसती त्यांचे पाय चेपत बसली.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात जायला नाही म्हणाले. माझं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मला वाटलं झोपलेत.

"अण्णा," ते म्हणाले, "जुन्या अक्षरात चार आणि नऊ सारखेच दिसतात."

मी वाटच बघत होतो जणू. "अहो, तेच सांगणार होतो तुम्हाला! मलाही नंतर तसंच वाटलं. चारच असणार तो. मी चुकलो कार्लराव. अठराशे चौऱ्याऐंशी. घाईत वाचलं मी."

ते माझ्याकडं मान तिरपी करून बघत राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"आज लगेच सांगितलंत," ते म्हणाले. "त्या दिवशी वेळ लागला होता."

मी मान खाली घातली. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"एवढंच सांगा. ती शेवटी कुठल्या घरात होती? तिसरं नाव काय वाचलं होतंत? माझं तेव्हा लक्ष नव्हतं. मी सालाची वाट बघत होतो."

मी आठवायला लागलो. ते नाव मीच वाचलं होतं, या तोंडानं, एकेक अक्षर. पान तीनशे बारा, ओळ पाचवी, १४ मार्च १८७८, १८८९, सगळं डोळ्यांसमोर होतं. आजही आहे. ज्या घरात ती पोर मेली, त्या घराच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा मला आठवेना.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं वळले.

मी हेमंतला ऑफिसात फोन केला. फिल्म परत गेली होती. पुन्हा मागवायची तर तीन आठवडे. कार्लराव चौथ्या दिवशी गेले. त्यांना त्याच दगडाखाली ठेवलं, दुसरीकडं जागा नव्हती. त्यांचं नाव कोरलं आणि त्यांच्या वरची जागा मोकळीच राहिली.

मागे हेमंत म्हणाला, आता ती सगळी पुस्तकं घरबसल्या बघता येतात, अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे, काढू का ते पान? मी नको म्हटलं. ज्याला सांगायचं होतं तो विचारून गेला.